परदेशातून आलेल्या पैशाचे रुपये होताना किती कापले जाते: मोजायचे कसे आणि कमी करायचे कसे

परदेशी ग्राहकासाठी संकेतस्थळे, भाषांतर, चित्रे, हिशेबाचे काम किंवा शिकवणी करणाऱ्या अनेकांचे हिशेब मी पाहतो आणि त्यांत एकच चूक पुन्हा पुन्हा आढळते. पैसे घेताना किती खर्च झाला असे विचारले, की माणूस पेमेंट प्लॅटफॉर्मच्या पावतीवरील ‘शुल्क’ या ओळीकडे बोट दाखवतो. प्रत्यक्षात त्या ओळीत खर्चाचा एक भागच असतो. उरलेला भाग विनिमय दरात असतो आणि त्याची वेगळी ओळ बहुतेक पावत्यांवर येत नाही. त्यामुळे तो वर्षानुवर्षे कापला जातो आणि कोणी विचारतही नाही. हा लेख भारतात राहून परदेशातून रक्कम घेणाऱ्यांसाठी आहे; भारतीय कार्डाने परदेशात पैसे भरण्याचे नियम वेगळे असल्याने ते येथे घेतलेले नाहीत.

आधी करायची तयारी

मागील तीन परदेशी रकमांचे कागद समोर ठेवा. प्रत्येक रकमेसाठी चार गोष्टी लागतील: ग्राहकाला पाठवलेले बीजक, प्लॅटफॉर्मचा जमा-अहवाल (पैसे थेट बँकेत आले असतील तर बँकेची सूचना), बँक खात्याचा उतारा आणि परदेशी रक्कम आल्याचा दाखला, ज्याला बँकेत ‘फिरा’ म्हणतात. दाखला मिळालेला नसेल तर तो आजच मागून ठेवा, कारण सातव्या टप्प्यात त्याच्यावाचून अडेल.

पाचवी गोष्ट म्हणजे त्या दिवसाचा संदर्भ दर. रिझर्व्ह बँक पूर्वी स्वतः हा दर जाहीर करत असे. जुलै २०१८ पासून ते काम फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया ही संस्था करते आणि कामकाजाच्या दिवशी डॉलर, पौंड, युरो व येन यांचे दर आपल्या संकेतस्थळावर देते. येनचा दर शंभर येनसाठी असतो, हे वाचताना ध्यानात ठेवा. मोबाइलवर शोधून मिळणारा दरही तुलनेला चालतो, मात्र शनिवारी-रविवारी बाजार बंद असतो आणि तेव्हा दिसणारा आकडा शुक्रवारचा असतो.

> सावध: हा संदर्भ दर तुम्हाला जसाच्या तसा मिळेल अशी अपेक्षा धरू नका. बँका आपसांत ज्या भावाने व्यवहार करतात त्याच्या जवळचा तो आकडा आहे. तो मोजपट्टी म्हणून वापरायचा, मागणी म्हणून नव्हे.

टप्पा १: पैसे कोठे कोठे कापले जातात ते ओळखा

कापणीच्या जागा पाच असतात. प्रत्येक व्यवहारात पाचही लागू होतील असे नाही.

पहिली जागा म्हणजे प्लॅटफॉर्मचे व्यवहार शुल्क. ते टक्क्यांत असते आणि पुष्कळदा त्यात एक ठरावीक रक्कमही मिळवलेली असते. दुसरी जागा दरातील फरकाची आहे: प्लॅटफॉर्म किंवा बँक बाजारातील दरापेक्षा कमी दराने तुमचे डॉलर घेते आणि मधला फरक स्वतःकडे ठेवते. बँकेच्या बाबतीत हा दर रोज सकाळी निघणाऱ्या दरपत्रकात ‘टीटी बाइंग’ (बँकेतून बँकेत आलेली परकीय रक्कम विकत घेण्याचा दर) या रकान्यात सापडतो. तेथे लोक हमखास ‘टीटी सेलिंग’ किंवा नोटांचा दर वाचतात आणि मग हिशेब जुळत नाही. बँक तुमच्याकडून डॉलर विकत घेत असते, म्हणून आपला रकाना ‘बाइंग’चाच.

तिसरी जागा मधल्या बँकेची. बँकेतून बँकेत येणारी रक्कम बहुधा एक-दोन परदेशी बँकांमधून फिरून येते आणि त्यातील एखादी आपले शुल्क परस्पर मूळ रकमेतून वळते करून घेते. चौथी जागा तुमच्याच बँकेचे रक्कम जमा करण्याचे शुल्क. पाचवी जागा चलन-रूपांतरावरील वस्तू व सेवा कर, आणि याच ठिकाणी सर्वांत जास्त गैरसमज आहेत. हा १८ टक्के कर पूर्ण रकमेवर लागत नाही. नियमाने ठरवलेल्या एका छोट्या मूल्यावर तो लागतो. एक लाख रुपयांपर्यंतच्या रूपांतराला हे मूल्य रकमेच्या १ टक्का, पण किमान २५० रुपये धरतात. एक लाख ते दहा लाखांपर्यंत ते १,००० रुपये अधिक लाखावरील रकमेच्या ०.५ टक्के असते. त्यापुढे ५,५०० रुपये अधिक दहा लाखांवरील रकमेच्या ०.१ टक्के असते आणि त्याला ६०,००० रुपयांची कमाल मर्यादा आहे. म्हणजे बरोबर एक लाख रुपयांचे रूपांतर झाले तर मूल्य १,००० रुपये आणि कर १८० रुपये. रक्कम कितीही लहान असली तरी ४५ रुपयांपेक्षा कमी कर मात्र लागत नाही.

टप्पा २: हाती पडलेला दर काढा

या लेखातील एकच टप्पा करायचा असेल तर हा करा. खात्यात शेवटी जमा झालेल्या रुपयांना बीजकावरील मूळ परकीय रकमेने भागा. येणाऱ्या आकड्याला मी ‘हाती पडलेला दर’ म्हणतो. पाच ठिकाणी कितीही कापले गेले असले तरी त्या सगळ्याची बेरीज या एका आकड्यात उतरते.

उदाहरणासाठी बाजाराचा दर डॉलरला ८५ रुपये धरू. बीजक १,००० डॉलरचे आहे. प्लॅटफॉर्म ४ टक्के शुल्क घेतो आणि रूपांतर बाजारापेक्षा ३ टक्के कमी दराने करतो असे समजू. शुल्क गेल्यावर ९६० डॉलर उरले. रूपांतराचा दर ८२.४५ रुपये. खात्यात आले ७९,१५२ रुपये. बाजारदराने ८५,००० रुपये झाले असते, म्हणजे ५,८४८ रुपये, जवळजवळ ६.९ टक्के, वाटेत राहिले. पावतीवरील शुल्काची ओळ मात्र ४० डॉलर, म्हणजे ३,४०० रुपये एवढेच सांगते. उरलेले २,४४८ रुपये दरात गेले. हाती पडलेला दर ७९.१५ रुपये, आणि पुढची सगळी तुलना या आकड्याशी करायची.

> तपासणी: तुमचा हाती पडलेला दर त्या दिवशीच्या संदर्भ दराशेजारी लिहा. तीनही व्यवहारांत फरकाची टक्केवारी जवळपास सारखी आली तर खर्च टक्क्यांवर चालणारा आहे. लहान रकमेत फरक मोठा आणि मोठ्या रकमेत कमी दिसला तर ठरावीक शुल्के जड जात आहेत. यावरूनच पुढचा टप्पा ठरतो.

टप्पा ३: रकमेच्या आकारावरून मार्ग निवडा

‘बँकेतून मागवणे स्वस्त’ किंवा ‘ऑनलाइन प्लॅटफॉर्मच सोयीचा’ अशी सरसकट वाक्ये ऐकून मार्ग ठरवणे ही दुसरी मोठी चूक. मार्ग रकमेवर ठरतो. तेच १,००० डॉलर थेट बँकेत आले असे धरू. मधल्या बँकेने २० डॉलर कापले. उरलेल्या ९८० डॉलरना बँकेने बाजारापेक्षा ५० पैसे कमी, म्हणजे ८४.५० रुपये दर दिला. ८२,८१० रुपये झाले. त्यातून रूपांतरावरील कराचे १४९ रुपये आणि बँकेच्या शुल्काचे, करासह, २३६ रुपये वजा झाले. खात्यात आले सुमारे ८२,४२५ रुपये आणि एकूण कापणी साधारण ३ टक्के. प्लॅटफॉर्मपेक्षा निम्म्याहूनही कमी.

आता बीजक २०० डॉलरचे करून पाहा. मधल्या बँकेचे २० डॉलर तेवढेच राहतात, २३६ रुपयेही तेवढेच राहतात आणि कर किमान म्हणजे ४५ रुपये लागतो. १७,००० रुपयांऐवजी १४,९२९ रुपये मिळतात आणि कापणी १२ टक्क्यांवर जाते. प्लॅटफॉर्मवर ती ६.९ टक्क्यांवरच थांबली असती. या आकड्यांनी दोन्ही मार्ग सुमारे ३७० डॉलरला समान पडतात. त्याखाली प्लॅटफॉर्म परवडतो, त्यावर बँक परवडते. तुमच्या बँकेचे आणि प्लॅटफॉर्मचे आकडे निराळे असतील, त्यामुळे ही सीमारेषाही निराळी येईल. ती स्वतःच्या कागदांवरून एकदा काढून ठेवा.

यावरून एक साधी सोय सुचते. दर आठवड्याला १५० डॉलर बँकेतून घेणाऱ्याने ग्राहकाशी बोलून महिन्याचे एकत्र बीजक केले तर ठरावीक शुल्के चारदा न लागता एकदाच लागतात. ग्राहक विश्वासातला नसेल तर मात्र हे करू नका. शुल्क वाचवण्यासाठी महिन्याची उधारी अंगावर घेणे शहाणपणाचे नाही.

> सावध: ‘शून्य शुल्क’ अशी जाहिरात दिसली तर तेथे दर किती मिळतो ते आधी पाहा. तिसराही मार्ग असतो: काही सेवा तुमच्या नावाने परदेशात पैसे स्वीकारण्याचा खाते क्रमांक देतात आणि रूपांतर करून रुपये पाठवतात. त्यांनाही दुसऱ्या टप्प्यातील भागाकार जसाच्या तसा लावा.

टप्पा ४: बीजकाचे चलन ठरवा

सांगली जिल्ह्यातील एक तरुणी लंडनच्या ग्राहकासाठी पुस्तकांची चित्रे करते. तिने पहिल्या दिवसापासून बीजक डॉलरमध्ये केले, कारण परदेशी काम म्हणजे डॉलर असेच तिला वाटत होते. ग्राहकाचे खाते पौंडाचे. तिचे ५०० डॉलरचे बीजक भरताना त्याच्या पौंडांचे डॉलर झाले आणि तिच्या बाजूला डॉलरचे रुपये झाले. दोन रूपांतरे, दोन वेळा मार्जिन, म्हणजे दरातील फरकाची कापणी. ग्राहकाने एक दिवस तिला आपल्या कार्डाचा उतारा पाठवला आणि विचारले, की तू सांगतेस त्यापेक्षा मला दर वेळी जास्त का पडते. तेव्हा आम्ही तो व्यवहार कागदावर मांडला.

मोजायला सोपे व्हावे म्हणून पौंड म्हणजे १.२५ डॉलर धरू. ५०० डॉलरना ग्राहकाला ४०० पौंड पडायला हवे होते. ३ टक्के मार्जिन धरून त्याच्या कार्डावर ४१२ पौंड लागले. तिला वर काढलेल्याच शुल्काने आणि दराने ३९,५७६ रुपये मिळाले. बाजारदराने ४१२ पौंडांचे ४३,७७५ रुपये होतात, म्हणजे ग्राहकाच्या खिशातून निघालेल्या पैशातील साडेनऊ टक्क्यांहून अधिक रक्कम तिच्यापर्यंत पोहोचलीच नाही. तेच बीजक ४१२ पौंडांचे असते तर ग्राहकाला एक पेनीही जास्त न पडता तिला ४०,७६३ रुपये, म्हणजे १,१८७ रुपये अधिक मिळाले असते.

म्हणून नियम असा: ग्राहकाचे पैसे ज्या चलनात आहेत त्या चलनात बीजक करा आणि रूपांतर एकदाच, तुमच्या बाजूला, होऊ द्या. याला एक अपवाद आहे. डॅनिश क्रोन किंवा पोलिश झ्लॉटीसारख्या चलनांचा व्यवहार आपल्या बँकांत कमी होतो. त्यांचा थेट रुपयातील दर मिळत नसेल तर बँक आधी डॉलरमध्ये आणि मग रुपयात रूपांतर करते, किंवा मार्जिन जास्त ठेवते. अशा ग्राहकाला युरो किंवा डॉलरचे बीजक देणे बरे.

रुपयांत बीजक करण्याचा मोह काहींना होतो, कारण मग खात्यात किती येणार ते पक्के वाटते. त्याने रूपांतराचा खर्च नाहीसा होत नाही, तो ग्राहकाकडे सरकतो. ग्राहकाच्या कार्डाची बँक परकीय व्यवहाराचे शुल्क लावते, आणि तुमच्या बाजूला परदेशी कार्डाचे चढे व्यवहार शुल्क बहुधा तसेच राहते.

> सावध: पैसे भरण्याच्या पानावर ग्राहकाला ‘तुमच्या चलनात भरा’ असा पर्याय दिसू शकतो. तो निवडला की रूपांतर त्याच्या बँकेऐवजी प्लॅटफॉर्मच्या दराने होते आणि तो दर सहसा महाग असतो. बीजकाच्या चलनातच भरावे, असे त्याला एका ओळीत कळवा.

टप्पा ५: बीजकावर शुल्काची जबाबदारी लिहा

बँकेतून पैसे पाठवताना पाठवणाऱ्याच्या अर्जावर शुल्क कोणी सोसायचे याचा रकाना असतो आणि त्यात तीन पर्याय असतात. ‘अवर’ म्हणजे सगळे शुल्क पाठवणारा भरेल. ‘शा’ म्हणजे आपापल्या बाजूचे ज्याने त्याने भरायचे. ‘बेन’ म्हणजे सगळे घेणाऱ्याच्या माथी. काहीच सांगितले नाही तर बहुधा ‘शा’ निवडले जाते आणि मधल्या बँकेचे शुल्क तुमच्या रकमेतून जाते. ग्राहक तयार असेल तर बीजकावरच ‘शुल्क अवर पद्धतीने’ असे स्पष्ट लिहा. त्यानंतरही तुमच्या बँकेचे स्वतःचे शुल्क लागू शकते, त्याबद्दल ग्राहकाशी वाद घालू नका.

रक्कम तरीही कमी आली तर तर्क करत बसण्यापेक्षा ग्राहकाकडून त्याच्या बँकेच्या स्विफ्ट संदेशाची (रक्कम पाठवताना बँक दुसऱ्या बँकेला पाठवते त्या संदेशाची) प्रत मागवा. निघालेली रक्कम त्यात दिसते, आणि त्यातील व्यवहार-ओळख क्रमांकावरून ती वाटेत कोठे कमी झाली याचा माग तुमची बँक काढू शकते.

याच वेळी उद्देश-संकेतही ठरवून घ्या. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक रकमेला, ती कशासाठी आली हे सांगणारा, रिझर्व्ह बँकेने ठरवलेला संकेत लागतो. सॉफ्टवेअर सल्लासेवेला पी ०८०२, तर व्यवस्थापन व व्यवसाय सल्ल्याला पी १००६. ग्राहकाने निरोपात नुसते मोघम लिहिले आणि बँकेने रक्कम पी १३०१ खाली, म्हणजे अनिवासी भारतीयाने कुटुंबाच्या खर्चासाठी पाठवलेले पैसे म्हणून, नोंदवली असे प्रकार मी पाहिले आहेत. ती दुरुस्ती करायला शाखेत चकरा माराव्या लागतात.

टप्पा ६: रूपांतर केव्हा आणि कोणी करायचे ते पाहा

भारतातील खातेदारासाठी बहुतेक प्लॅटफॉर्म डॉलर साठवू देत नाहीत. रक्कम आपोआप रुपयांत होऊन ठरलेल्या मुदतीत बँकेत जाते. येथे दर ग्राहकाने पैसे भरले त्या क्षणाचा नसून रूपांतर झाले त्या दिवसाचा असतो, म्हणून दुसऱ्या टप्प्यातील तुलना करताना संदर्भ दर त्याच तारखेचा घ्या. चुकीच्या तारखेचा दर घेऊन प्लॅटफॉर्मला दोष देणारी पत्रे लिहिली जातात आणि त्यांतून काही निष्पन्न होत नाही.

ज्यांना परदेशी सॉफ्टवेअर, सर्व्हर किंवा सहकाऱ्यांचे मानधन डॉलरमध्येच द्यावे लागते त्यांनी बँकेत ‘ईईएफसी’ खात्याची चौकशी जरूर करावी. या चालू खात्यात निर्यातीची परकीय रक्कम त्याच चलनात ठेवता येते आणि त्यातून परवानगी असलेले परकीय खर्च भागवता येतात, म्हणजे आधी डॉलरचे रुपये आणि मग रुपयांचे डॉलर असा दुहेरी फटका टळतो. या खात्यावर व्याज नसते आणि एका महिन्यात जमलेली रक्कम, मंजूर खर्च वगळून, पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत रुपयांत करावी लागते. दर चढण्याची वाट पाहत डॉलर धरून ठेवण्यासाठी हे खाते नाही.

टप्पा ७: नोंद एकूण रकमेची करा

खात्यात ७९,१५२ रुपये आले म्हणून तेवढेच उत्पन्न लिहिणे चूक आहे. उत्पन्न बीजकाच्या पूर्ण रकमेचे, प्लॅटफॉर्मचे शुल्क हा खर्च आणि दरातील फरक ही वेगळी नोंद. गृहीत उत्पन्नाच्या योजनेखाली, म्हणजे प्राप्तीची ठरावीक टक्केवारी हेच उत्पन्न धरून, विवरणपत्र भरणाऱ्यांनी येथे विशेष काळजी घ्यावी, कारण तेथे टक्केवारी एकूण प्राप्तीवर लागते, शुल्क वजा करून उरलेल्या रकमेवर नाही. वस्तू व सेवा कराच्या नोंदणीची मर्यादा मोजतानाही निर्यातीची पूर्ण रक्कम धरली जाते.

प्लॅटफॉर्मकडून आलेली रक्कम बँकेच्या उताऱ्यात एखाद्या देशी ‘एनईएफटी’सारखीच दिसते. ती परकीय चलनात मिळाली हे त्या उताऱ्यावरून सिद्ध होत नाही, आणि सेवा निर्यात मानली जाण्यासाठी तेच दाखवावे लागते. म्हणून सुरुवातीला सांगितलेला दाखला प्रत्येक रकमेसाठी घ्या आणि त्यावरील परकीय रक्कम, दर आणि उद्देश-संकेत वाचूनच फाइलला लावा. नोंदणी असेल तर शुल्कावर भरलेल्या कराची वजावट मिळू शकते. त्यासाठी बँकेचे व प्लॅटफॉर्मचे कर-बीजक तुमच्या नोंदणी क्रमांकासह आले आहे का तेही पाहा.

> तपासणी: बीजकाची रक्कम, दाखल्यावरील रक्कम आणि खात्यातील रुपये एका ओळीत लिहून मधला प्रत्येक फरक कोणत्या कापणीचा आहे हे नावानिशी सांगता आले पाहिजे. शंभर रुपयेही ‘इतर’ म्हणून सोडू नका.

टप्पा ८: बँकेकडे दर मागा

दरपत्रकावरील दर हा मागितला नाही तर मिळणारा दर असतो. रक्कम काही लाखांची असेल किंवा दरमहा नियमित येत असेल तर शाखेच्या परकीय चलन विभागाशी बोलून अधिक चांगला दर ठरवून घेता येतो. जाताना मागील सहा महिन्यांच्या रकमा, त्या दिवशीचे संदर्भ दर आणि हाती पडलेले दर एका कागदावर न्या, आणि सवलत टक्क्यांत न मागता पैशांत मागा: ‘संदर्भ दरापेक्षा डॉलरमागे इतक्या पैशांहून जास्त फरक नको.’ समोरच्या अधिकाऱ्याची भाषा तीच असते. बँकांमधील व्यवहारांची पूर्तता करणाऱ्या क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू केलेल्या ‘एफएक्स-रिटेल’ या परकीय चलन खरेदी-विक्रीच्या ऑनलाइन मंचावर आपली बँक ग्राहकाची नोंदणी करते का, हेही त्याच भेटीत विचारा. तेथे डॉलरचा दर बाजारातील दिसतो आणि बँकेचे शुल्क त्यापासून वेगळे सांगावे लागते.

रूपांतर होण्यापूर्वी दर ठरवा. रक्कम आपोआप रुपयांत जमा झाल्यावर बोलणी करायला काही उरत नाही. म्हणून रक्कम आल्यावर आधी विचारावे, परस्पर रूपांतर करू नये, अशी लेखी सूचना शाखेला देऊन पोच घ्या.

परतावा द्यायची वेळ आली तर

काम रद्द झाले आणि ग्राहकाचे १,००० डॉलर परत करायचे ठरले, तर घेताना मिळालेले ७९,१५२ रुपये परत पाठवून भागत नाही. परतावा त्या दिवसाच्या विक्रीच्या दराने होतो आणि तो दर बाजाराच्या वर असतो. शिवाय घेतानाचे व्यवहार शुल्क बहुतेक प्लॅटफॉर्म परत करत नाहीत. आधीच्याच उदाहरणात दर जागचा हलला नाही आणि विक्रीचे मार्जिनही ३ टक्के धरले, तरी १,००० डॉलर परत करायला ८७,५५० रुपये लागतील, म्हणजे न झालेल्या कामापायी ८,३९८ रुपये पदरचे जातील. यासाठी मोठ्या कामात आगाऊ रक्कम टप्प्याटप्प्याने घ्या, आणि काम रद्द झाल्यास परतावा कोणते शुल्क वजा करून मिळेल ते पहिल्याच बीजकासोबत लेखी कळवा.